पडद्याच्या अलीकडचा माणूस

(रहिमतपूर येथे संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मुलांसमोर चार शब्द बोलावेत असा निरोप आला तेव्हा मी संकोचलो. मी बँकेतला साधा क्लार्क. बी.ए.ला मराठी विषय घेतलेला. संगणकाविषयी बोलायला एखादा इंजिनिअर बोलवा, असे मी सेक्रेटरींना सुचवले. ते म्हणाले, "इंजिनिअर संगणक चालवायची व्यवस्था करतो. तुम्ही त्याच्यासमोर वीस वर्षे बसलाय. तुमचं ऐकू." त्यांच्या आग्रहाखातर मी उभा आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मोबाईलमध्ये 'भीम' ॲप आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी ते सुरू झाले. नाव बाबासाहेबांचे म्हणून ते आपल्याला जवळचे वाटते. या नावाची इंग्रजी फोड 'भारत इंटरफेस फॉर मनी' अशी आहे. यातला 'इंटरफेस' हा शब्द आज माझ्या भाषणाचा विषय आहे. माणूस आणि यंत्र जिथे समोरासमोर येतात ती जागा म्हणजे इंटरफेस. मोबाईलवरची बटणे, एटीएमचा पडदा, माझ्या टेबलावरची स्क्रीन, हे सगळे त्यात आले. घराला जसा उंबरठा, तसा यंत्राला इंटरफेस. उंबरठा फार उंच झाला की म्हातारे माणूस अडखळते, आणि अडखळल्यावर लोक म्हणतात, "बघून चालायचं ना!" उंबरठा कोणी बांधला हे कोणी विचारत नाही.

मी एक घटना सांगतो. ती माझ्या हातून घडलेली आहे.

आमच्या काउंटरवर जवळच्या वाडीतली एक आजी येते. निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यावर जमा होतात. एकदा ती आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो घेऊन केवायसीसाठी आली. महिन्याचा पहिला आठवडा होता. रांग दाराबाहेर गेली होती. मी तिचा खाते क्रमांक टाकला, रकाने भरले आणि शेवटच्या रकान्यात एक इंग्रजी अक्षर टाइप केले. त्या अक्षराने "कागद पूर्ण" असे नोंदले जायला हवे होते. माझ्याकडून यादीतले त्याच्या लगतचे अक्षर पडले. त्याचा अर्थ "कागद अपूर्ण, पैसे काढणे बंद" असा होता. पडद्यावर दोन्हींचा अर्थ लिहिलेला नव्हता, नुसती अक्षरे होती. नोंद स्वीकारली गेली. पुढे अधिकाऱ्यांनी पासिंग केले. त्यांनाही ते एकच अक्षर दिसले.

पुढच्या महिन्यात आजी पैसे काढायला आली. पैसे निघेनात. पडद्यावर इंग्रजीत एक क्रमांक आणि तीन शब्द आले. मी तिला सांगितले, "आजी, सर्व्हर नाही. चार दिवसांनी या." चार दिवसांनी आली, तेव्हा सांगितले, "आधार लिंक तपासावं लागेल." तिसऱ्या खेपेला मी नीट खोलात गेलो तेव्हा माझीच नोंद माझ्यासमोर आली. ती दुरुस्त करून मी पैसे दिले. नोटा कनवटीला लावताना आजी म्हणाली, "माजंच कायतरी चुकलं आसंल बाबा. कागुद कळत न्हाई मला."

बंधू-भगिनींनो, मी तेव्हा गप्प बसलो. आजीचे काहीही चुकले नव्हते. तीन वेळा एसटीचे भाडे भरून आलेली बाई स्वतःला दोष देत होती आणि तो मी तिला घेऊ दिला. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. "माझ्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, क्षमा असावी," असे मी लिहून दिले. प्रकरण मिटले. आपण कला शाखेचे, आपल्याला हे यंत्र कधी जमणार नाही, असे मनात घेऊन मी घरी आलो.

त्याच सुमारास माझी भाची सुट्टीला आमच्याकडे रहिमतपूरला आली. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून लागली होती. इंटर्न म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवार. सुताराच्या, शिंप्याच्या हाताखाली पोर उमेदवारी करायचे, तसेच. तिचे काम काय, हे तिच्या आईला सांगता येत नव्हते. "कंप्युटरवर चित्रं काढती," एवढेच ती सांगायची. तिच्या हुद्द्यात 'युजर एक्सपिरियन्स' असे शब्द होते. डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनीत असताना हे शब्द रूढ केले. वापरणाऱ्या माणसाला वस्तू वापरताना काय अनुभव येतो, तो आधी समजून घ्यायचा आणि मग वस्तूची रचना करायची, असा हा व्यवसाय आहे.

मी तिला खुलाशाची हकिकत सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, त्या वेळी तुमच्यासमोर नेमकं काय दिसत होतं?" हा प्रश्न तोवर मला कोणीही विचारला नव्हता, मी स्वतःही नाही. बँकेच्या पडद्याचा फोटो काढता येत नाही आणि काढूही नये. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रकान्यांची आकृती काढून दाखवली. तिने दोन अक्षरांखाली रेघ ओढली आणि म्हणाली, "ही चूक तुमच्या हातून झाली, पण तिची जागा आधीच तयार होती."

मग तिने मला विमानांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची मोठी बॉम्बफेकी विमाने होती. सुखरूप उतरल्यावर काही वैमानिक पंखांची पाती मिटवण्याऐवजी चाकेच आत घ्यायचे आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसायचे. वैमानिकाची चूक, असे अहवाल जात. आल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाच्या जागेची पाहणी केली. दोन्ही कळी शेजारी शेजारी आणि हाताला सारख्याच लागणाऱ्या होत्या. दमलेल्या माणसाचा हात चुकणारच. त्याने चाकांच्या कळीला रबरी चाक बसवले आणि पात्यांच्या कळीला पाचरीसारखा आकार दिला. हाताला न बघता फरक कळू लागला आणि हा घोटाळा थांबला. वैमानिक तेच राहिले.

हे जुने झाले. बँकेच्याच क्षेत्रातली अलीकडची घटना ऐका. ११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या सिटी बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जापोटी सावकारांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. मुद्दल बँकेच्या आतल्या खात्यात ठेवायचे होते. त्यासाठी पडद्यावर तीन वेगवेगळ्या रकान्यांत नोंद करणे जरूर होते. त्यांपैकी 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल, या एकाच रकान्यात नोंद झाली. नाव मुद्दल असल्यावर तेवढे पुरेल असे कोणालाही वाटेल. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मंजूर केली. तिघांनाही ती बरोबर वाटली. तिघांपैकी दोघे आपल्या देशात बसून काम करणारे होते. व्याजासोबत मुद्दलही गेले, सुमारे ८९ कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने हे साडेसहा हजार कोटी रुपयांहून अधिक होतात. काही सावकारांनी पैसे परत देण्यास नकार दिला. २०२१ साली खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२२ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

ते सॉफ्टवेअर 'फ्लेक्सक्यूब' या नावाचे. त्याचे मूळ आपल्या मुंबईत आहे. सिटी बँकेनेच काढलेल्या इथल्या कंपनीत ते १९९० च्या दशकात तयार झाले, पुढे ती कंपनी ओरॅकलकडे गेली. जगभरच्या बँका ते वापरतात, म्हणजे ते बनवणारे हुशारच असणार. हुशार माणसांनी बनवलेल्या पडद्यावर तीन जाणकार माणसे एकदम चुकू शकतात, हे कळल्यावर माझ्या मनावरचे ओझे थोडे कमी झाले. चूक माझी होतीच. पण ती माझ्या एकट्याच्या अकलेची नव्हती.

आता मोठ्या कार्यालयांची सॉफ्टवेअर इतकी अवघड का होतात, हे भाचीच्या उमेदवारीतून मला कळले ते सांगतो. आपण बाजारात चप्पल घेतो तेव्हा पायात घालून बघतो. चावली तर घेत नाही. कार्यालयाचे सॉफ्टवेअर विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा असतो. निवड संचालक मंडळ आणि वरिष्ठ साहेब करतात. त्यांना त्यातून किती प्रकारचे अहवाल निघतात ते दाखवले जाते. रोज आठ तास बसायचे असते क्लार्कला, आणि त्याला दाखवते ते प्रशिक्षणाच्या दिवशी. शिवाय दरवर्षी नवा नियम येतो, नवे परिपत्रक येते, की पडद्यावर एक रकाना वाढतो. वाढवणारे पुष्कळ असतात. जुना रकाना आता काढा, असे म्हणायला कोणी धजत नाही, कारण तो कशासाठी घातला हे माहीत असलेला माणूस निवृत्त झालेला असतो.

भाचीच्या कंपनीचे सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी होते. खाते उघडण्याच्या एका पडद्यावर चाळीसच्या वर रकाने होते. त्यांतले रोज भरायचे दहा-बारा. तो पडदा सुधारायचे काम तिला दिले गेले. तिने पहिल्या महिन्यात मोठ्या उत्साहाने नवी रचना केली. मोकळी जागा, सुंदर रंग, मोठी बटणे, एका पानावर तीनच प्रश्न. कागदावर काढून तिने ती मला दाखवली. दिसायला फारच छान होती. आमच्या पडवीत तिने वहीची पाने मांडली आणि मला म्हणाली, "समजा मी गिऱ्हाईक आहे. उघडा खातं." मी बोटाने कागदावर बटणे दाबत गेलो, ती पाने बदलत गेली. तिसऱ्या पानाला मी कंटाळलो. मी म्हटले, "बाई, माझा उजवा हात आकड्यांच्या कळांवर असतो, डाव्या हातात स्लिप असते. माउस धरायला मी तिसरा हात कुठून आणू? आणि सात पानं उलटेपर्यंत रांगेतली माणसं माझा उद्धार करतील."

ती हिरमुसली. पण पोरीचे कौतुक असे की तिने वाद घातला नाही, वही काढून लिहून घेतले. नवख्याला सोपे आणि मुरलेल्याला सोपे, यांत फरक आहे. नवख्याला प्रत्येक पायरीला हात धरणारा हवा असतो. वीस वर्षे बसलेल्याच्या बोटांना वाट पाठ असते, त्याला वाट बदललेली चालत नाही. आपल्या आया डोळे झाकून मिठाचा डबा उचलतात. मांडणी सुंदर करायची म्हणून कोणी डबे हलवले तर भाजीत साखर पडेल.

मग कंपनीची आणि संस्थेची रीतसर परवानगी घेऊन ती एका पतसंस्थेत आठवडाभर क्लार्क बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसली. मध्ये बोलायचे नाही, शिकवायचे नाही, फक्त बघायचे. तिथे तिला दिसलेल्या गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पडद्याच्या कडेला कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, कोणत्या कामाला कोणता कोड याच्या. जिथे माणसाला चिठ्ठी चिकटवावी लागते, तिथे पडद्यात काही तरी कमी आहे, असे तिने टिपले. दुसरे, छापील अर्जावर आधी नाव, मग पत्ता, मग वारस असा क्रम होता आणि पडद्यावर वारस आधी. त्यामुळे बाई प्रत्येक अर्ज तीन वेळा उलटसुलट करत. तिसरे, फोन वाजला आणि काम अर्धे राहिले की भरलेले सगळे पुसले जाई. बाई म्हणाल्या, "सवय झाली आता." माणूस गैरसोयीला सवय म्हणू लागला की तो तक्रार करणे सोडून देतो. म्हणून नुसते विचारून भागत नाही, शेजारी बसावे लागते.

या कामात माझ्या मराठीचाही उपयोग झाला, हे कला शाखेच्या मुलांनी मुद्दाम ऐकावे. पडद्यावरच्या इंग्रजी सूचनांचे मराठी कोणी तरी शब्दकोश बघून केले होते. "अवैध निविष्टी." "आपले सत्र कालबाह्य झाले आहे." मी बी.ए. मराठी, तरी मला दोनदा वाचावे लागले. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे एकेक सूचना घेऊन बसायचो. पहिलीचे झाले, "मोबाईल क्रमांक १० अंकी हवा. तुम्ही ९ अंक लिहिले आहेत." दुसरीचे झाले, "बराच वेळ काम न झाल्याने पडदा बंद केला आहे. पासवर्ड टाकून पुन्हा सुरू करा." सूचना लिहिताना मी एकच कसोटी लावली. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती मोठ्याने वाचून दाखवता आली पाहिजे. आजीला मी "सर्व्हर नाही" असे सांगितले, कारण पडद्याने मला सांगण्यासारखे काही दिलेच नव्हते.

भाचीने शेवटी काय केले? पडदा एकच ठेवला. रोजचे रकाने वर, अर्जाच्या क्रमाने. क्वचित लागणारे खाली, एक कळ दाबली तरच उघडणारे. कोड तेच, पण त्यापुढे मराठीत अर्थ. पैसे थांबवणारी कोणतीही नोंद करताना "या खात्यातून पैसे काढता येणार नाहीत. नक्की करायचे का?" असा प्रश्न. अर्धवट काम जपून ठेवण्याची सोय. आणि सगळे काही माउसशिवाय चालणारे.

सगळे मान्य झाले असे समजू नका. ती उमेदवार, वय बावीस. काही गोष्टींना खर्च फार म्हणून नकार मिळाला, काही पुढच्या वर्षावर गेल्या. अर्जाचा क्रम, कोडचे अर्थ आणि मराठी सूचना एवढे स्वीकारले गेले. उमेदवारी संपली तेव्हा ती मला म्हणाली, "मामा, मला वाटलं होतं मी सगळं बदलीन." मी म्हटले, "चिठ्ठ्या तर उतरल्या ना?" काही महिन्यांनी त्या पतसंस्थेच्या क्लार्क बाईंनी तिला फोन करून हेच सांगितले, की बऱ्याचशा चिठ्ठ्या काढून टाकल्या.

विद्यार्थी मित्रांनो, या व्यवसायाची माहिती आपल्या घरांपर्यंत पोचलेली नाही, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन पती-पत्नींनी भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. या देशातली सगळ्यांत सुरेख रचलेली वस्तू म्हणून त्यांनी कशाची वाखाणणी केली असेल? आपल्या पाण्याच्या लोट्याची! किती पाणी मावावे, कमरेवर कसा बसावा, धार कशी पडावी, आतून हात घालून घासता यावा, हे सगळे पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी ठरवले, असा त्यांचा विचार होता. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. १९६९ साली मुंबईला पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर निघाले. तिथल्याच प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाईलसाठी 'स्वरचक्र' हा कळफलक केला. 'क' दाबला की भोवती का, कि, की, कु असे गोल उमटतात. शाळेत पाठ केलेली बाराखडीच त्यांनी कामाला लावली.

बारावीनंतर या शिक्षणासाठी यूसीईईडी नावाची परीक्षा असते. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेच्या मुलाला ती देता येते. पदवीनंतर सीईईडी असते, तीही तीन वर्षांची पदवी घेतलेल्या कोणालाही देता येते. गणितात कमी मार्क पडले म्हणून आयुष्य संपले असे समजू नका. माणसाकडे निरखून बघण्याची सवय आणि जे बघितले ते नीट लिहिता-काढता येणे, ही इथली पहिली पुंजी आहे.

ही पुंजी आपल्या मुलांकडे आहे. रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी आई-वडिलांचा हात धरून ती उभी राहिलेली आहेत. कुठला कागद कशाने अडतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. पडदे रचणाऱ्या टेबलाभोवती, त्या खिडकीबाहेर कधी उभा राहिलेला एक तरी माणूस बसलेला असावा, असे मला फार वाटते. पालकांना माझी विनंती आहे, की मुलगी "चित्रं काढती" म्हणून तिला हसू नका.

शेवटी त्या आजीविषयी. भाचीने कॅलेंडरवर रेघ ओढली, त्यानंतरच्या रविवारी मी वाडीवर गेलो. तिच्या ओट्यावर बसून सांगितले, "आजी, त्या वेळी तुमचं काही चुकलं नव्हतं. नोंद माझ्याकडून चुकली होती आणि मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आरं, मग तवाच सांगायचं की. मी म्हयनाभर कागदं हुडकत हुते."

तेव्हापासून काउंटरवर कोणाचे काम अडले आणि कारण मला कळले नाही, तर "सर्व्हर नाही" असे मी सांगत नाही. "मला अजून कळलेलं नाही, थांबा, बघतो," असे सांगतो. पडदा सुधारणे माझ्या हातात नाही. तेवढे मात्र आहे.